दहा पावलं

मांडवीच्या पुळणीवर सदूने पहिल्यांदा माणसाचं रक्त काढलं ते महिपतसाठी. तेव्हा सदू तेरा वर्षांचा होता आणि महिपत अकरा. बंदरावरच्या तिघा पोरांनी महिपतची पाटी खडकावर आपटून फोडली आणि त्याला पाण्यात लोटून त्याचं डोकं खाली दाबून धरलं. सदू होडीतून उतरत होता. हातातलं वल्हं त्याने तसंच गरगरा फिरवलं. एकाचे पुढचे दोन दात वाळूत पडले, दुसऱ्याचा कान फाटला, तिसरा पळाला. मग सदूने महिपतला मानगुटीला धरून बाहेर ओढलं आणि पाठीत धपाटे घालून पोटातलं खारं पाणी ओकायला लावलं.

"रडू नको," तो म्हणाला. "तू शाळंत जा. मारामारी माज्याकडं."

दोघांची घरं एकाच आळीत, मधे फक्त माडांच्या झावळ्यांचं कुंपण. सदूचा बाप समुद्रात गेलेला. थोरला भाऊ गंगाराम मचवा चालवायचा आणि त्याच्यावरच ते घर चालायचं. महिपतचा बाप बंदरावर कारकून होता, तो पटकीत गेला. त्याची आई यमुनाबाई, तिने लोकांचं भात कांडून मुलाला शिकवलं. सतराव्या वर्षी सदू आगबोटीवर खलाशी म्हणून गेला. महिपत मॅट्रिक झाला आणि मुंबईला कॉलेजात गेला.

१९२७ साली मुंबईतल्या एका ज्ञातिमंडळाने जहाजबांधणी शिकायला एका मुलाला विलायतेत पाठवायचं ठरवलं. अर्ज केलेल्यांतून महिपतची निवड झाली. चार वर्षं ग्लासगोत राहायचं, शिकून आल्यावर मुंबईच्या एका गोदीत नोकरी. तो निघाला तेव्हा मांडवीची सगळी आळी धक्क्यावर आली होती. भरती उतरलेली होती, बोटीवर नेणारा पडाव लांब उभा होता. गंगारामने कुणालाही न विचारता महिपतला खांद्यावर उचललं आणि कमरेएवढ्या पाण्यातून पडावापर्यंत नेलं.

"पाय भिजायला नकोत तुजे," तो म्हणाला. "आमच्यातला पयला हायस तू."

महिपतच्या कोटाच्या खिशात मंडळाचं पत्र होतं. त्यात सहावं कलम असं होतं की, शिष्यवृत्ती घेणाऱ्याने कुठल्याही तंट्यात पडू नये. पोलिसांपर्यंत जाईल असं काही झालं तर शिष्यवृत्ती त्याच दिवशी बंद होईल. आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याला मंडळाने असंच परत बोलावलं होतं. त्याने एका गोऱ्याच्या थोबाडीत मारली होती.

ग्लासगोत महिपतला ते सहावं कलम रोज आठवावं लागलं. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज, तीन दिवस जहाजांच्या कारखान्यात काम. पहिल्याच महिन्यात लोखंडी पत्रे जोडायच्या रिबिटा ठोकणाऱ्या एका कामगाराने तापलेला रिबिटीचा तुकडा त्याच्या कॉलरमधून आत टाकला. पाठीवरची कातडी सोलून निघाली. सगळे हसले. महिपतही हसला. त्या माणसाचं नाव रॉबर्ट केर. तांबूस मिशा, डाव्या भुवईवर जुना व्रण. पुढे तो महिपतला येता-जाता कोपर मारी, त्याच्या डब्यात थुंके. एकदा शिडीवर असताना त्याने खालून महिपतचा पाय ओढला, तेव्हा महिपतच्या दोन बरगड्या मोडल्या. महिपतने कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलं, पाय घसरला.

असं अडीच वर्षं चाललं. परीक्षांत तो पहिल्या तिघांत असे. मंडळाकडे जाणारे अहवाल उत्तम होते.

१९३०च्या जानेवारीत सदूची आगबोट ग्लासगोला लागली. गोद्यांत तेव्हा काम नव्हतं. गोरे खलाशी धक्क्यावर हात चोळत उभे असत आणि कमी पगारावर राबणारे हिंदी खलाशी दिसले की दगड उचलत. सदू एका दुपारी पत्ता विचारत विचारत महिपतच्या गल्लीत आला. काखेत यमुनाबाईने दिलेलं गाठोडं होतं, आमसुलं आणि सुकट.

घरमालकीण खिडकीतून बघत होती. महिपत धावत खाली आला आणि दार अर्धवट उघडून त्यातच उभा राहिला.

"अरे, केवढा झालास तू!" सदू म्हणाला. "टोपीबिपी घालून अगदी सायेब. चल, तुजी खोली तर दाव. यमुनामावशीला जाऊन सांगायला हवं ना, कुठं निजतोस ते."

"घरमालकीण रागावते रे," महिपत म्हणाला. "खलाशांना आत घेत नाही. दे ते इकडे. मीच येईन बोटीवर, रविवारी."

"रविवारी आमी सुटलेले असू."

"मग पत्र लिहीन. जा आता, लवकर अंधार पडतो इथे."

सदूने गाठोडं दिलं. मग तो हसून वळला.

तो दहा पावलं गेला असेल नसेल, तोच समोरच्या गुत्त्यातून सहाजण बाहेर आले. पुढे केर होता. कुणी काही बोललंच नाही. केरने कमरेचा पट्टा सोडला, मुठीला गुंडाळला आणि बकलाचं टोक सदूच्या तोंडावर मारलं. सदूने त्याला धरून भिंतीवर आपटलं. दुसऱ्याच्या नाकावर ठोसा दिला. तो कोसळला. सदू एकटा सहाजणांना पुरला असता असं मांडवीत कुणीही सांगितलं असतं. पण पाठीमागून एकाने त्याच्या गुडघ्यात लोखंडी सळई घातली. तो खाली बसला, आणि मग बुटांनीच काम झालं. फरसबंदीवर डोकं आपटल्याचा आवाज महिपतला दारात ऐकू आला.

"म्हयपता!" सदू ओरडला. एकदाच. त्याने दाराकडे बघितलं होतं.

महिपतच्या हातात गाठोडं होतं. त्याचे पाय हलले नाहीत. सहावं कलम त्याला अक्षर न् अक्षर आठवत होतं, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं. त्याने दार लावून घेतलं.

पोलीस शिपाई आला तेव्हा गल्लीत सदूशिवाय कुणी नव्हतं. शिपायाने घरोघर विचारलं. घरमालकीण म्हणाली, काही पाहिलं नाही. महिपत म्हणाला, "मी अभ्यास करत होतो. आवाज ऐकून खाली आलो, तोवर सगळं संपलं होतं." सदू तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. त्याच्या आगबोटीच्या कंपनीने वहीत लिहिलं की खलाशी दारूच्या नशेत धक्क्यावरून पडला.

महिपत आणखी पावणेदोन वर्षं तिथे राहिला. पदवी मिळाली, पदकही मिळालं. सोमवारी कारखान्यात गेला की केर दिसे. केर आता त्याला हसून सलाम करी, आणि महिपत मान हलवी.

१९३१च्या दिवाळीआधी तो परत आला. मांडवीच्या धक्क्यावर ढोल-ताशे होते. गंगारामने त्याच्या गळ्यात एवढा मोठा झेंडूचा हार घातला आणि त्याला मिठी मारून रडला. "सदू असता तर आज नाचला असता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदूची बायको मथुरा महिपतच्या दाराशी आली. ती पायरीवर बसली नाही, उभीच राहिली. पदराला धरून तिची सहा वर्षांची मुलगी तुळसा उभी होती.

"भावजी, तुमी त्याच गावात हुतात ना?"

"होय वहिनी."

"कंपनीचा कागुद आला. नशेत पडून मेले म्हणून. ह्यांनी जन्मात कधी थेंब तोंडाला लावला नाय. आळीतली पोरं माज्या पोरीला दारुड्याची म्हणतात. तुमी काय ऐकलात का तिकडं?"

"गाव फार मोठं आहे, वहिनी," महिपत म्हणाला. "मला फार उशिरा कळलं."

मथुराने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग मुलीचा हात धरून ती निघून गेली.

गोदीतली नोकरी एप्रिलपासून होती. तोवर महिपत घरी राहिला. लोक त्याच्याकडे मुलांना पाया पडायला आणत. तो फारसं बोलत नसे. यमुनाबाईला वाटे, एवढं शिकलं की माणूस गंभीर होतो.

शिमग्याला बोटींवरचे खलाशी घरी येतात. त्या वर्षी दादू तांडेल आला. तो सदूच्याच आगबोटीवर होता आणि तेव्हापासून पहिल्यांदाच रजेवर घरी येत होता. सदू इस्पितळात मेला तेव्हा शेवटचा त्याच्याजवळ दादूच होता. बोट त्याच दिवशी सुटली. दादूला लिहिता येत नव्हतं, आणि अशी गोष्ट दुसऱ्याकडून लिहवून घ्यायची नव्हती. दोन वर्षं त्याने ती पोटात ठेवली.

पालखी पुळणीवर नाचत होती. गंगाराम घामाने भिजलेला, पालखीच्या दांड्याखाली होता. दादूने त्याला बाजूला घेतलं आणि होड्यांच्या आडोशाला नेऊन सगळं सांगितलं. सदूचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "म्हयपत दारात हुता. त्यानं दार लावलं."

गंगाराम पालखीकडे परत गेला नाही. भर दुपारी तो महिपतच्या घरात शिरला. महिपत जेवत होता. गंगारामने त्याला शर्टाला धरून पानावरून उठवलं आणि आळीतून फरफटत पुळणीवर आणलं. ढोल थांबले. माणसं जमली.

"सांग," गंगाराम म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "माज्या भावाला लोक मारत हुते तेवा तू किती पावलांवर हुतास?"

महिपतने सभोवार बघितलं. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण यावेळी ते आलं नाही.

"दहा," तो म्हणाला.

गंगारामचा पहिला ठोसा तोंडावर बसला. महिपतचा ओठ फाटला. दुसऱ्याने तो गुडघ्यांवर आला. गंगारामने त्याला केसांना धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, पुन्हा उठवलं आणि पुन्हा मारलं. महिपतने एकदाही हात वर केला नाही, त्यामुळे गंगारामचा राग आणखीच भडकला. यमुनाबाई धावत आली आणि गंगारामच्या पायांना तिने मिठी घातली. त्याने पाय झटकला. म्हातारी उपड्या होडीवर जाऊन पडली आणि तिचं कपाळ फुटलं. कुणी तिला उचलायलाही पुढे आलं नाही.

"ह्याच हातानं लिवतंस ना?" गंगाराम म्हणाला. त्याने महिपतचा उजवा हात होडीच्या काठावर दाबला. फळ्या ठोकायची मोगरी जवळच पडली होती. त्याने ती उचलून बोटांवर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. महिपतने मोठ्याने किंकाळी फोडली. गंगारामने पुन्हा मोगरी उचलली, मनगटावर घातली. तिसऱ्यांदा उचलली ती डोक्यावर घालण्यासाठी, हे सगळ्यांना दिसलं.

"पुरे!" मथुरा ओरडली.

ती इतका वेळ गर्दीत उभी होती. आता ती पुढे आली आणि दिराच्या हाताला तिने धरलं.

"हा मेला तर बोलेल कोण?" ती म्हणाली. "माज्या नवऱ्याला कुणी मारलं, ते ह्याच्याशिवाय कुणाला ठावं हाय?"

गंगारामची मोगरी खाली आली. तो वाळूत बसला आणि रडायला लागला.

महिपतला खाटेवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी फौजदार आला. महिपतचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, एक डोळा मिटलेला. यमुनाबाई कपाळाला फडकं बांधून उशाशी बसली होती.

"कुणी मारलं?" फौजदाराने विचारलं.

यमुनाबाईने मुलाच्या दंडाला हात लावला. "बाबा, सांगू नको," ती हळूच म्हणाली. "सदूच्या घरात बाप्या मानूस तेवडाच उरलाय."

महिपतने तिचा हात बाजूला केला.

"आई, एकदा मी पोलिसाला म्हटलं होतं, मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा नाही म्हणणार." मग तो फौजदाराकडे वळला. "गंगारामने मारलं. पण त्याने का मारलं तेही लिहा. आणि लिहायला सुरुवात इथून करू नका. जानेवारी १९३०, ग्लासगो शहर. तिथून करा."

"ते आमच्या हद्दीत नाही," फौजदार म्हणाला.

"मग ज्यांच्या हद्दीत आहे त्यांच्याकडे पाठवा."

आठ दिवसांनी त्याने मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर जबानी दिली. रॉबर्ट केरचं नाव, मिशा, व्रण, पट्टा, सळई, बूट. गुत्त्याचं नाव, गल्लीचं नाव. शिपायाला आपण काय खोटं सांगितलं तेही. सही डाव्या हाताने केली, ती लहान मुलाच्या अक्षरासारखी आली. जबानीच्या नकला ग्लासगोच्या पोलिसांकडे आणि आगबोटीच्या कंपनीकडे गेल्या. एक नक्कल महिपतने स्वतः मुंबईच्या मंडळाला पाठवली.

मंडळाचं उत्तर चार ओळींचं होतं. पोलिसांत खोटी माहिती देणाऱ्या आणि मंडळाच्या नावाला काळिमा लावणाऱ्या इसमाची शिफारस मागे घेण्यात येत आहे. गोदीतली जागा गेली.

गंगारामवर खटला झाला. त्याने काही नाकारलं नाही. "मीच मारलं," तो कोर्टात म्हणाला. "मोगरी हातात दिलीत तर अजून मारीन." त्याला आठ महिने सक्तमजुरी झाली. निकालाच्या दिवशी आळीतल्या बायकांनी महिपतच्या अंगणात शेण फेकलं. एकदा बाबल्या नावाच्या खलाशाने त्याला धक्क्यावर गाठून पोटात लाथ मारली आणि म्हणाला, "एक भाऊ मरू दिलास, दुसरा तुरुंगात घातलास." महिपत उठला, कपडे झटकले आणि घरी गेला. तो गाव सोडून गेला नाही. भाट्याच्या खाडीवर मचवे बांधणाऱ्या सुतारांकडे त्याने काम धरलं. दोन बोटं कायमची वाकडी झाली होती, मनगट वळत नव्हतं. तो डाव्या हाताने रेघा मारायला शिकला. सुतार त्याच्याशी कामापुरतं बोलत.

गंगाराम सुटून आला. त्यानंतर महिन्याभराने, १९३३च्या जानेवारीत, विलायतेहून दोन लिफाफे आले. एक ग्लासगोच्या पोलिसांचा, मॅजिस्ट्रेटच्या कचेरीमार्फत महिपतला, दुसरा कंपनीकडून मथुराला. मथुरा आपला लिफाफा घेऊन त्याच्या अंगणात आली.

"वाचा," ती म्हणाली.

महिपतने आधी आपलं पत्र वाचून सांगितलं. केर कारखाना बंद पडल्यावर कॅनडाला गेला होता, त्याचा ठावठिकाणा लागत नव्हता. बाकीच्यांपैकी दोघे सापडले. एकाने कबुली दिली, त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसरा पुराव्याअभावी सुटला.

"तीन वर्सं," मथुरा म्हणाली. "आणि माज्याकडचं?"

कंपनीने लिहिलं होतं की वहीतली नोंद दुरुस्त केली आहे. सदर खलाशी नशेत नव्हता. त्याचा मृत्यू मारहाणीने झाला.

मथुराने तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला.

"हितं नको. आळीत चला. मोठ्यानं वाचा. मराठीत. आणि तुमची जबानी हाय ना, तीबी आना."

दुपारचे चार वाजले असतील. होड्या वर ओढून पुरुष घरी आले होते. महिपत आळीच्या मध्यावर उभा राहिला. एका हाताने सगळे कागद सांभाळवत नव्हते, म्हणून मथुरानेच ते समोर धरले. आधी कंपनीचं पत्र झालं. मग जबानी. सदू दाराशी कसा आला, काय म्हणाला, आपण त्याला आत का घेतलं नाही. गर्दीत कुणीतरी शिवी हासडली. एक शिंपला येऊन त्याच्या गालाला लागला, रक्ताची बारीक रेघ उतरली. तो वाचत राहिला. गंगाराम कुंपणाला टेकून ऐकत होता.

"'त्याने मला हाक मारली,'" महिपतने वाचलं आणि तो थांबला.

"फुडं?" मथुरा म्हणाली.

"'त्याने मला नावाने हाक मारली. मी दहा पावलांवर होतो. मी गेलो नाही. मी दार लावून घेतलं.'"

गंगाराम कुंपणापासून सुटला, पुढे आला. लोक बाजूला झाले. महिपतने डोळे मिटून घेतले. गंगाराम त्याच्यासमोर उभा राहिला, त्याच्या वाकड्या बोटांकडे बघितलं, जोरात जमिनीवर थुंकला आणि खाडीकडे निघून गेला. पुढे मरेपर्यंत तो महिपतशी बोलला नाही, आणि त्याच्यावर हातही टाकला नाही.

मथुराने कागदांची घडी घातली. तुळसा पायरीवर बसून सगळं ऐकत होती. मथुराने तिला हाताला धरून उभं केलं.

"ऐकलंस ना?" ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुजा बाप पडला नाय. त्याला मारला. सहाजणांनी."

मग ती महिपतकडे वळली.

"आता जा तुमी, भावजी," ती म्हणाली. "आनि माज्या दाराशी परत येऊ नका."

महिपतने मान हलवली आणि तो आपल्या घराकडे चालू लागला.